प्रेसनोट लिहिताना नावं खाली, तारीख वर

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आतल्या पानावर रोज 'कार्यक्रम उत्साहात संपन्न' अशा चार-पाच बातम्या असतात, त्या वाचताना मला हल्ली पाठवणाऱ्याची चूक दिसायला लागलीय म्हणून हे पत्र लिहितोय. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या गणेश मंडळाचा सचिव, प्रेसनोट लिहायचं काम बरीच वर्षं माझ्याकडंच आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही रक्तदान शिबिर घेतलं. मे मुद्दाम निवडला, कारण कॉलेजला सुट्टी, नेहमीचे डोनर परगावी, त्यामुळे ब्लड बँकेत दरवर्षी याच दिवसांत तुटवडा असतो आणि थॅलेसेमियाच्या, म्हणजे अंगात रक्त नीट तयार न होण्याच्या जन्मजात आजाराच्या लेकरांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, ऊन असो की पाऊस. मी नोट लिहिली. सुरुवात, 'प्रतिवर्षाप्रमाणे याही वर्षी भव्य रक्तदान शिबिराचे आयोजन करण्यात आले असून', मग कुणाच्या शुभहस्ते, कुणाच्या अध्यक्षतेखाली, सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, अशी एकोणीस नावं, आणि शिबिर कुठं, किती वाजता हे सगळ्यात शेवटच्या परिच्छेदात. एका पेपरात बातमी आली, सहा ओळी. सहाही ओळीत नावं. जागा आणि वेळ गायब!

त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात दुपारी बारापर्यंत अकरा जण आले. ब्लड बँकेचा टेक्निशियन न वापरलेल्या पिशव्यांचा बॉक्स परत गाडीत ठेवत होता, ते बघून जीव कळवळला हो. मी पेपरवाल्यांवर खूप चिडलो होतो.

आमच्या गल्लीत एक रिटायर्ड उपसंपादक राहतात, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडं तक्रार घेऊन गेलो तर त्यांनी माझी नोट मागून घेतली आणि लाल पेनानं खालून वर रेघा मारत आले. म्हणाले, रात्री पान लावताना जागा कमी पडली की डेस्कवरचा माणूस बातमी खालूनच कापतो, त्याला सगळी वाचायलाही वेळ नसतो, म्हणून जे गेलं तर चालणार नाही ते पहिल्या दोन वाक्यात पाहिजे. कोण, काय, कधी, कुठं, का, कसं. हे सहा प्रश्न मी शाळेत असताना ऐकले होते पण कापण्याशी त्यांचा संबंध आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग आम्ही दोघांनी बसून नवीन नोट केली. मथळा, 'उन्हाळ्यात रक्ताचा तुटवडा, गावात रविवारी शिबिर'. पहिल्याच वाक्यात वार, तारीख, वेळ, शाळेचं नाव. 'उद्या' हा शब्द काढला, कारण नोट शुक्रवारी जाते, छापून कधी येईल ते आपल्या हातात नसतं. दुसऱ्या वाक्यात रक्त कोण देऊ शकतं, म्हणजे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, आधी रक्त दिलं असेल तर पुरुषांना तीन महिने आणि बायकांना चार महिने झालेले हवेत. 'रक्तदान श्रेष्ठदान' काढून तिथं थॅलेसेमियाचं वाक्य घातलं. नावं शेवटी, तीनच. खाली फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर, कारण वार्ताहराला रात्री शंका आली आणि फोन लागला नाही तर तो ती बातमी बाजूला ठेवतो आणि त्यात त्याची चूकही नाही.

काकांनी अजून एक सांगितलं ते मला फार पटलं. १४ जूनला, रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांच्या जन्मदिवशी, जागतिक रक्तदाता दिन असतो आणि सगळ्या संस्थांच्या नोटा त्याच दिवशी डेस्कवर येऊन पडतात, म्हणून लहान मंडळानं चार-पाच दिवस आधी पाठवावी. आणि मी इतकी वर्षं लेटरहेडचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवत होतो, म्हणजे तिकडं कुणीतरी ते सगळं परत टाइप करायचं! आता युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच दिसेल अशा मराठीत टाइप करून मेलच्या बॉडीतच टाकतो, आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर तो बारीक होऊन छापायच्या लायकीचा राहत नाही. फोटोतली नावं डावीकडून, आडनावासकट.

साहेब, एक विनंती आहे. महिन्यातून एकदा तरी छोटी चौकट छापा, नोट कुठल्या मेलवर, किती वाजेपर्यंत, किती शब्दांची पाठवायची. खेड्यातल्या मंडळांना, बचत गटांना, वाचनालयांना हे सांगणारे काका प्रत्येक गल्लीत नसतात. त्यांचं काम चांगलं असतं पण नोटेमुळं ते लोकांपर्यंत पोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि आमची पुढची नोट तुमच्याकडं आली की जागा कमी असेल तर खुशाल कापा, सगळी नावं गेली तरी चालतील, तारीख आणि जागा तेवढी ठेवा. नावं का आली नाहीत याचं उत्तर मंडळाच्या मीटिंगमध्ये मी देईन.

आपला नम्र,
एका गणेश मंडळाचा सचिव, जि. सांगली