विहिरीचा वास गेला म्हणून

कॅलगरी, २२ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्याच्या विहिरीला आता पेट्रोलचा वास येत नाही, तेव्हा तपासणी राहू दे, असं तू काकूला कळवलंस म्हणे. दादा, एवढी घाई करू नकोस.

काल मी एका जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेवर होते. टाक्या कधीच उपसून नेल्यात, वर गवत माजलंय. तपासणीसाठी रोवलेल्या मनगटाएवढ्या पाइपात पातळी मोजायची, आवाज करणारी फीत सोडली. तेलात ती सलग वाजते, पाण्यात थांबून थांबून. काल सलग वाजली. मग पारदर्शक नळी सोडून वर ओढली, तर पाण्यावर बोटभर पिवळसर थर. जूनमध्ये याच पाइपात काही नव्हतं! तेव्हा जमिनीतलं पाणी चढलेलं होतं.

पेट्रोल पाण्याहून हलकं, म्हणून भूजलावर तरंगतं. उन्हाळ्यात पातळी उतरली की तेही उतरतं आणि वाटेतली माती माखत जातं. पावसाळ्यात पाणी चढलं की ते मातीच्या कणांत अडकून पाण्याखाली दडतं. काकूला वास आला तो मे महिन्यातच, आठवतं ना?

शिवाय त्यातलं बेन्झीन पाण्यात विरघळतं. त्याने रक्ताचा कॅन्सर होतो. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, आणि एवढं थोडं नाकाला कळतच नाही.

म्हणून ते पाणी पिण्याला, स्वयंपाकाला बंद. आजवा तलावाचं नळाचं पाणी येतं, तेच वापरायचं. उकळून घेते म्हणेल काकू, पण उकळलं की बेन्झीन उडून स्वयंपाकघरातच भरतं. गणपती तोंडावर आलेत, मोदकपात्रात चुकूनही ते पाणी नको.

नमुना प्रयोगशाळेच्या माणसालाच घेऊ दे. ४० मिलिलिटरची काचेची बाटली काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी धरली तर आत बुडबुडा दिसता कामा नये, आणि लगेच बर्फात ठेवायची. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीतून नेलेलं पाणी तपासून उपयोग नाही, बेन्झीन वाटेतच उडतं. एकदा आत्ता, एकदा मेमध्ये.

वाड्यामागचा बंद पेट्रोल पंपच कारण आहे असं मात्र कुणाला बोलू नकोस. भूजल कुठून कुठे वाहतं ते एका विहिरीवरून ठरत नाही. त्रिकोणात निदान तीन बोअर घेऊन पातळ्या मोजाव्या लागतात. कदाचित आपल्या आधी शेजाऱ्यांच्या बोअरला लागलं असेल, त्यांनाही विचार.

तू नाशिकला, मी इथे, आणि पाणी शेंदते ती एकटी काकू. खर्च मी पाठवते. रविवारी सकाळी फोन करीन, तोवर विहिरीवरचा पोहरा काढून ठेवायला सांग.

तुझी,
छोटी