गुणी मुलाला प्रत्येक संघात जुंपू नका

संपादक महोदय,

सुब्रतो चषकाचे शालेय फुटबॉल सामने सुरू झाले की नागपूर-कामठीत दरवर्षी एखादा चौदा वर्षांचा मुलगा नजरेत भरतो. लगेच तो १५ वर्षांखालील संघात, १७ वर्षांखालील संघात आणि रविवारी क्लबच्या मोठ्यांबरोबरही उतरवला जातो. दोन मोसमांनंतर तो गुडघा धरून बसलेला असतो, आणि आपण म्हणतो, पोरात दम नव्हता.

नॉर्वेचा मार्टिन ओडेगार्ड ऑगस्ट २०१४ मध्ये १५ वर्षे २५३ दिवसांचा असताना राष्ट्रीय संघातून खेळला. जानेवारी २०१५ मध्ये स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबने त्याला घेतले. तिथल्या पहिल्या संघात जागा पक्की होईना, तेव्हा तो लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता उसना जाऊन, हीरेनवीन, व्हिटेसे आणि रेआल सोसिएदादकडून खेळला. नावाजलेल्या क्लबचा बाक उबवण्यापेक्षा लहान क्लबकडून आठवड्याला ९० मिनिटे खेळणे त्याच्या पथ्यावर पडले. मार्च २०२१ मध्ये तो नॉर्वेचा कर्णधार झाला, जुलै २०२२ मध्ये इंग्लंडच्या आर्सेनल क्लबचा. पहिल्या बोलबाल्यापासून दंडावर कर्णधाराची पट्टी येईपर्यंत साडेसहा वर्षे गेली. आपल्याला दोन मोसमांतच सगळे हवे असते.

साधारण १२ ते १५ या वयात मुलांची हाडे झपाट्याने लांबतात आणि मांडीचा स्नायू वाटीखालच्या कोवळ्या हाडाला ओढत राहतो. तिथे टेंगूळ येते, दाबले की दुखते. त्यात आपली काळी माती ऑक्टोबरनंतर दगडासारखी टणक होते. म्हणून दर तीन महिन्यांनी मुलाची उंची भिंतीवर नोंदवा. दोन सेंटिमीटरहून जास्त वाढ दिसली, तर उड्या आणि वेगाच्या धावा कमी करा, चेंडूवरचे काम चालू ठेवा. शाळा, क्लब आणि सामने धरून आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ देऊ नका. टणक मैदानावर लांब स्टडऐवजी (तळव्याच्या खुंट्यांऐवजी) बारीक रबरी स्टडचे बूट घाला. फिफाचा २० मिनिटांचा ‘११+’ वॉर्मअप फुकट आहे. तो आठवड्यातून निदान दोनदा, न कंटाळता करून घ्यावा.

कर्णधारपदाचेही तसेच. पट्टी बहुधा सर्वाधिक गोल करणाऱ्याला किंवा मोठ्या आवाजाच्या मुलाला मिळते. खरे तर मधल्या फळीत ज्याला चेंडू येण्याआधीच मैदान दिसते, तो संघ चालवतो. ही नजर तयार करता येते. दहा बाय दहा मीटरच्या चौकोनात चौघांविरुद्ध दोघे खेळवा. प्रशिक्षकाने चेंडू घेणाऱ्याच्या पाठीमागे उभे राहून बोटे दाखवावीत. चेंडू पायाशी पोहोचण्याआधी मुलाने आकडा सांगायचा. मुले पास निघाल्यावर मागे पाहतात, तिथेच चुकते. पहिली नजर पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागण्याआधी, दुसरी चेंडू वाटेत असताना. सोबत ‘मॅन’ (मागे प्रतिस्पर्धी आहे), ‘टर्न’ (मोकळा आहेस, वळ) अशी एका शब्दाची हाक. लांबलचक आरडाओरड कोणी ऐकत नाही.

आता पालकांसाठी. परदेशी क्लबच्या ‘ट्रायल’साठी लाखो रुपये मागणारे एजंट हल्ली घरापर्यंत येतात. फिफाच्या खेळाडू हस्तांतर नियमावलीतील कलम १९ नुसार, मोजके अपवाद वगळता, १८ वर्षांखालील खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणीच होत नाही. ओडेगार्ड सोळाव्या वर्षी स्पेनला जाऊ शकला, कारण नॉर्वे युरोपीय आर्थिक क्षेत्रात मोडतो आणि त्या क्षेत्रात १६ ते १८ वयासाठी सवलत आहे. सीताबर्डीच्या मुलाला ती लागू नाही; ट्रायलमध्ये निवड झाली तरी तो अधिकृत सामना खेळू शकणार नाही. करार इथल्याच क्लबशी असला तरी १८ वर्षांखालील मुलाला तीन वर्षांपेक्षा जास्त बांधता येत नाही. कागदावर पाच वर्षे लिहिलेली दिसली तर सही न करता कागद परत करा.

– काही शालेय फुटबॉल प्रशिक्षक, नागपूर