लेडलॉच्या ड्रॉवरमध्ये काय होतं

ग्लासगो,
5 डिसेंबर

प्रिय दिलीप,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना मोठ्यानं हसलो. तुझी घोरपडेची गुन्हेकथा पाहून स्टाफरूममध्ये 'मराठीचे सर आता मुडदे पाडायला लागले' म्हणणाऱ्यांची तोंडं डोळ्यांसमोर आली. अरे, आपण वाचनालयातून अर्नाळकरांचा झुंजार आणायचो आणि भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायचो. तीच पिढी आता स्टाफरूममध्ये बसून नाकं मुरडते आहे.

प्रकाशकाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. 'दर दिवाळीला एक घोरपडे द्या' म्हणतात, आणि तू मला विचारतोस काय करू. सल्ला द्यायची माझी लायकी नाही, त्याऐवजी इथल्या एका मास्तराची गोष्ट सांगतो. आज तारीखही जुळून आली आहे. 2015 साली 5 डिसेंबरलाच तो याच शहरात गेला. 79 वर्षांचा होता.

विल्यम मॅकिल्व्हॅनी. जन्म 1936चा, इथून आगगाडीनं पाऊण तासावरच्या किलमार्नक गावात. बाप खाणकामगार, चार भावंडांत हा शेंडेफळ. ग्लासगो विद्यापीठात शिकला आणि तुझ्यासारखाच भाषेचा मास्तर झाला. शाळा सांभाळून लिहायचा. पहिली कादंबरी 1966ची. 1975 साली 'डॉखर्टी' आली, तिला व्हिटब्रेड हा मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी त्यानं नोकरी सोडली. (वहिनींना हे वाक्य वाचून दाखवू नकोस.)

'डॉखर्टी' ही खाणकामगाराच्या घराची गोष्ट. तिच्यातला एक प्रसंग तुला सांगायलाच हवा. कॉन नावाचा पोरगा शाळेत असतो, तोंडावर लागलेलं असतं. मास्तर विचारतात काय झालं. तो घरच्या बोलीत सांगतो, पडलो आणि डोकं 'शुख'मध्ये आपटलं. शुख म्हणजे गटार. मास्तरांना पुस्तकी इंग्रजी शब्द हवा असतो. पोरगा पुन्हा तेच म्हणतो आणि कानाखाली खातो. मग तो कागदावर दोन रकाने पाडतो, एकीकडे घरचे शब्द, दुसरीकडे शाळेतले. मला चौथीतला तू आठवलास. 'व्हय' म्हणालास म्हणून छडी खाल्ली होतीस, आणि मधल्या सुट्टीत मला म्हणालास, 'व्हयला होयच म्हणायचं तर आण्णांशी बोलायचं कसं?' आण्णा तेव्हा मागावर दोन दोन पाळ्या करायचे.

असो. एवढं नाव झाल्यावर या माणसानं काय केलं असेल? पोलिसकथा लिहिली. 1977 साली 'लेडलॉ'. साहित्यातल्या बड्या मंडळींच्या भुवया उंचावल्या, म्हणजे स्टाफरूम सगळीकडे सारखीच. गंमत अशी की ती रहस्यकथा म्हणावी तर तिच्यात रहस्यच नाही. पहिल्याच पानावर खुनी जिवाच्या आकांतानं पळतो आहे, आणि लेखक त्याला 'तू' म्हणून हाक मारतो. एका तरुण मुलीचा मृतदेह बागेत सापडलेला असतो. मुलीचा बाप त्या पोराच्या रक्ताला तहानलेला, शहरातले गुंडही त्याच्या मागावर, आणि पोलीस इन्स्पेक्टर लेडलॉला तो जिवंत हवा आहे. आधी कोण पोचतो एवढाच काय तो पेच. बाकीचे पोलीस खुन्याला राक्षस म्हणून मोकळे होतात, लेडलॉ होत नाही. त्याच्या लेखी राक्षस नसतातच, माणसंच असतात. म्हणून तर त्याचं काम अवघड.

आणि त्याचं टेबल! दुसरा एखादा इन्स्पेक्टर जशी दारूची बाटली दडवेल, तशी यानं कुलपाच्या ड्रॉवरमध्ये किर्केगार्द, काम्यू आणि उनामुनो अशा तत्त्वचिंतकांची पुस्तकं दडवलेली. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते जरा दाखवायला केल्यासारखं वाटलं, खरं सांगतो. पण पुढं तो माणूस घरी बायकोशी ज्या तऱ्हेनं भांडतो ते वाचलं, आणि मग पटलं.

त्या पुस्तकाला ब्रिटनमधल्या गुन्हेकथाकारांच्या संघटनेचं सिल्व्हर डॅगर हे पारितोषिक मिळालं. आता तुझा प्रश्न. दरवर्षी एक लेडलॉ लिहिलास तर लखपती होशील, असं त्यालाही सांगितलं गेलं होतं. त्यानं लिहिलं नाही. दुसरा लेडलॉ आला थेट 1983 साली (त्यालाही सिल्व्हर डॅगर), तिसरा 1991मध्ये, आणि त्यात लेडलॉ स्वतःच बोलतो, भावाच्या मरणाचा माग काढतो. चौदा वर्षांत तीन, मग बंद. मधल्या काळात इतर कादंबऱ्या, कविता, वर्तमानपत्रातलं लेखन. एका कादंबरीवर सिनेमाही निघाला, लियम नीसन होता त्यात.

परिणाम काय झाला? पुस्तकं बाजारातून हळूहळू नाहीशी झाली. ज्याला सगळे स्कॉटिश गुन्हेकथेचा बाप म्हणायचे, त्याचीच पुस्तकं दुकानात मिळेनात. हे कळलं तेव्हा आधी मला कौतुक वाटलं, मग राग आला. अरे, दोन-तीन वर्षांनी एखादा लिहिला असता तर काय बिघडलं असतं! अजूनही माझं नक्की होत नाही की तो स्वाभिमान होता, हट्ट होता की नुसता आळस.

पण ऐक. 1985 साली एडिंबराच्या ग्रंथमहोत्सवात एक पंचविशीचा पोरगा सहीसाठी त्याच्यापुढं उभा राहिला. म्हणाला, मीही लिहितोय, तुमच्या लेडलॉसारखंच, पण एडिंबरातलं. दुसरा एखादा लेखक चिडला असता, निदान कपाळाला आठी तरी घातली असती. यानं पुस्तकावर लिहून दिलं, 'एडिंबराच्या लेडलॉला शुभेच्छा'. त्या पोराचं नाव इयन रँकिन. दोन वर्षांनी त्याचा इन्स्पेक्टर रीबस आला, आणि त्यानं वीसच्या वर कादंबऱ्या केल्या. म्हणजे तुझा प्रकाशक मागतो आहे तेच रँकिननं केलं, आणि चांगलं केलं. त्यामुळं 'दरवर्षी लिहिलं की माल पातळ होतो' असंही म्हणता येत नाही बघ.

2013 साली कॅननगेट प्रकाशनानं तिन्ही लेडलॉ पुन्हा छापले. म्हातारा सत्तरी ओलांडलेला, पण तेवढं त्याला बघायला मिळालं. गेला तेव्हा मागं एका अर्धवट लेडलॉचं हस्तलिखित राहिलं. ते कुणी पुरं केलं असेल? रँकिननंच. 2021 साली दोघांच्या नावानं ते आलं. मी ते वाचताना शिवण कुठं आहे ते शोधत होतो. सापडली नाही.

पोस्टानं पुस्तक पाठवायचा खर्च पुस्तकाहून जास्त आहे, म्हणून जानेवारीत येताना पहिला लेडलॉ घेऊन येतो. इंग्रजी जरा खडबडीत आहे, ग्लासगोच्या गल्लीतलं. पण तुला जमेल.

तोवर प्रकाशकाला हो किंवा नाही काहीच कळवू नकोस. आणि घोरपडेचं दुसरं प्रकरण मी परत वाचलं. तो सारखा चहा पितो आणि मिशीवरून हात फिरवतो, एवढंच मला त्याच्याबद्दल कळलं. त्याच्या ड्रॉवरमध्ये काय आहे ते लिही, आणि ते पान आधी मला पाठव.

आण्णांना नमस्कार, वहिनींनाही.

तुझा,
शिऱ्या