कोलारच्या खाणीतले न्यूट्रिनो

संपादक महोदय,

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा विषय निघाला की होमी भाभा, १९४५ची स्थापना आणि कुलाब्याची देखणी वास्तू यांवरच बहुधा लिहिले जाते. पण याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ओसाका व डरहॅम येथील सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, १९६५ साली वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची, म्हणजे पदार्थातून जवळजवळ आरपार निघून जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची, नोंद केली, हे क्वचितच सांगितले जाते. वरचा खडक अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांतील इतर बहुतेक कण अडवतो, म्हणून एवढी खोली. खाणीचे दिवस भरत आले तसे हे प्रयोगही थांबले. तमिळनाडूत थेनीजवळ नियोजित असलेली न्यूट्रिनो वेधशाळा अद्याप उभी राहिलेली नाही. पर्यावरणविषयक आक्षेपांचे निरसन अवश्य व्हावे, परंतु निर्णय असा रेंगाळत ठेवणे योग्य नव्हे.

– एक वाचक, मुंबई