शोभिवंत माशांतील व्यंगाला अनुदान नको

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शोभिवंत माशांचे संगोपन हा कोकणातील महिलांसाठी घरबसल्या उत्पन्नाचा चांगला मार्ग आहे, अशा आशयाचा लेख आपल्या दैनिकात नुकताच वाचला. त्यातील बहुतेक मजकुराशी मी सहमत आहे. गेली नऊ वर्षे मालवण तालुक्यातील आमच्या घराच्या मागीलदारी सिमेंटच्या सहा टाक्यांत मी हाच व्यवसाय करते आहे आणि त्यातून संसाराला खरोखरच हातभार लागला आहे. मात्र लेखासोबतच्या छायाचित्रात जो मासा कौतुकाने दाखवला होता तो बलून मॉली होता, आणि या माशाविषयी सहसा जे सांगितले जात नाही ते सांगणे मला आवश्यक वाटते.

बलून मॉली ही मॉली या छोट्या शोभिवंत माशाची निराळी जात नव्हे. पाठीचा कणा वाकून आखूड झालेला तो साधा मॉलीच आहे. कणा आखडला तरी आतडी, यकृत, वाताशय (पाण्यात तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी) आणि मादीच्या पोटातील पिल्ले यांना जागा तेवढीच लागते. ती मिळत नाही म्हणून पोट फुग्यासारखे बाहेर येते आणि त्या फुगलेल्या पोटालाच गिऱ्हाईक गोंडस म्हणते. मॉली अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते. माझ्या टाक्यांतील साध्या मॉलीच्या माद्या एकामागून एक वेत सुखरूप देत असत, तर बलून माद्यांपैकी कितीतरी पिल्ले देताना किंवा त्यानंतर दोन-तीन दिवसांत मरत. सुरुवातीला मी पाण्याला दोष दिला, मग खाद्याला. पाणी बदलून पाहिले, मीठ घालून पाहिले, खाद्य बदलले. पाण्यात काहीच खोट नव्हती. दोष कण्यात होता, आणि तो कणा मीच पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवत होते.

ही निवड कशी होते हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. पिल्ले दीड-दोन महिन्यांची झाली की ती पांढऱ्या टबात घेऊन वेगळी केली जातात. सरळ कण्याची, चपळ, हाताला न सापडणारी पिल्ले एका बाजूला आणि वाकड्या कण्याची, अंग हलवत कशीबशी पुढे सरकणारी दुसऱ्या बाजूला. व्यापारी दुसरी बाजू जास्त भावाने उचलतो. पहिल्या बाजूला गिऱ्हाईक नसते, म्हणून ती मोठ्या माशांना खाऊ घातली जातात. निरोगी जीव टाकून द्यायचा आणि अधू जीव पुढच्या विणीसाठी राखायचा, हे काम मी नऊ वर्षांपैकी सात वर्षे केले आहे.

गोल्डफिशच्या बाबतीत ही गोष्ट फार जुनी आहे. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी करड्या-हिरवट रंगाच्या एका साध्या गोड्या पाण्यातील माशात क्वचित दिसणारा सोनेरी रंग लोकांनी जपला, येथपर्यंत कोणाला आक्षेप घेण्याचे कारण नव्हते. पुढे मात्र रंगावर समाधान राहिले नाही. आज दुकानात मिळणाऱ्या बबल आय जातीला पाठीवरचा पर नसतो, त्यामुळे तिला पाण्यात तोल सावरणे कठीण जाते. डोळ्यांखाली द्रवाने भरलेल्या दोन पिशव्या लोंबत असतात आणि टाकीतील दगडाला किंवा जाळीला घासून त्या फुटू शकतात. सेलेस्टियल जातीची पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे इतर माशांसारखेच असतात, पण वाढता वाढता ते वर वळतात आणि त्या माशाला समोरचे खाद्य दिसेनासे होते. ओरांडाच्या डोक्यावरची मांसल वाढ वयाबरोबर डोळ्यांवर उतरते. पर्लस्केलचे शरीर चेंडूसारखे गोल असल्याने आतले वाताशय दाबले जाते आणि असा मासा पुष्कळदा पोट वर करून तरंगताना दिसतो. दुकानदार त्याला ‘गॅस झाला’ म्हणतो आणि उकडलेला वाटाणा भरवायला सांगतो.

गोल्डफिशची दुहेरी शेपटी तर आपण व्यंग मानतच नाही, इतकी ती डोळ्यांना सवयीची झाली आहे. ती कॉर्डिन नावाच्या जनुकातील बिघाडातून आली असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. हे जनुक गर्भाची पाठ आणि पोट यांची घडण ठरवते, त्यामुळे ते पूर्ण निकामी झाले तर झेब्राफिशसारखा मासा सहसा जगत नाही. गोल्डफिशच्या पूर्वजांत फार प्राचीन काळी गुणसूत्रांचा संच दुप्पट झाला होता. त्यामुळे त्याच्याकडे या जनुकाची आणखी एक प्रत असते आणि तिच्या आधारावर तो तगतो. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला ही गोष्ट विलक्षण वाटते, पण तो तगून राहतो म्हणून त्याच्या शरीरावर वाटेल तितका भार टाकण्याची मुभा आपल्याला मिळते असे मला वाटत नाही.

अलीकडच्या जाती तर काही दशकांतच घडवल्या गेल्या. आपल्याकडे नुसते ‘पॅरट’ म्हणून विकले जाणारे लाल मासे १९८६च्या सुमारास तैवानमध्ये सिक्लिड कुळातील माशांच्या संकरातून तयार झाले. त्यांचे तोंड नीट मिटत नाही, म्हणून ते खाद्य घशातल्या दातांनी चिरडतात. याच माशाची शेपटी लहानपणी कापून त्याला बदामाचा आकार दिला जातो, ही निवडसुद्धा नव्हे, ती सरळ इजा आहे. मलेशियात १९९०च्या दशकात तयार झालेला फ्लॉवरहॉर्न कपाळावरच्या टेंगळासाठी घेतला जातो आणि ते जितके मोठे तितके घराला भाग्य, असे सांगितले जाते. फायटर माशांत हाफमून प्रकाराची शेपटी इतकी जड असते की मासा ती ओढताना थकतो आणि काही वेळा स्वतःच कुरतडतो. ड्रॅगन प्रकारात जाड खवले डोळ्यांवर वाढून मासा आंधळा होऊ शकतो.

मी हे बोलते तेव्हा मला हमखास विचारले जाते की, रोज बांगडा-सुरमई खाणाऱ्या माणसाने माशांच्या हालांविषयी का बोलावे. हा प्रश्न मी टाळत नाही. आमच्या घरात मासे आवडीने खाल्ले जातात आणि पहिल्या पावसात व्हाळात चढणीचे मासे धरायला मीसुद्धा लहानपणी गेले आहे. पण जाळ्यात येईपर्यंत बांगडा बांगड्यासारखाच जगलेला असतो. थव्यातून पोहलेला, स्वतःचे भक्ष्य शोधून खाल्लेला. बबल आयला तसा एकही दिवस मिळत नाही. आणि याच कोकणात, महाड तालुक्यातील वाळणकोंडीत, वरदायिनी देवीवरच्या श्रद्धेने लोकांनी नदीतले मोठमोठे मासे पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. मासे खाणाऱ्यांच्याच मुलुखात हे घडले, हे विसरून चालणार नाही.

शोभेसाठी शरीर बिघडवावेच लागते असेही नाही. जपानमध्ये कोई माशांचे रंग दोनशे वर्षे जोपासले गेले, तरी चांगला कोई पारखताना आधी त्याच्या शरीराची ठेवण पाहिली जाते आणि तो आजही मूळ कार्पसारखाच जोमाने पोहतो. कॉमेट आणि शुबुंकिन हे लांबट अंगाचे गोल्डफिश रंगाने कोणाहून कमी नाहीत आणि नीट सांभाळले तर दहा वर्षांहून अधिक जगतात. आपल्या खाडीतला काळुंदर किंवा डोक्यावर चांदीचा ठिपका मिरवत पाणथळीत फिरणारा छोटा मासा काचेच्या टाकीत किती देखणा दिसतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

माझे म्हणणे या व्यवसायाविरुद्ध नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्य संगोपनासाठी तीन लाख रुपयांचा प्रकल्प खर्च धरला असून महिलांना त्यावर साठ टक्के अनुदान मिळते. ही रक्कम सार्वजनिक पैशातून येते. तेव्हा ज्या माशाला नीट पोहता, पाहता किंवा खाता येत नाही त्याची पैदास अनुदानास पात्र नसावी, एवढी एक अट घालणे शासनाला अवघड नाही. अशा जातींची यादी ठरवण्यासाठी बाहेरून कोणाला बोलावण्याचीही गरज नाही, कारण रत्नागिरीत शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे आणि कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय तर आपल्या शाळांच्या सहलींचे नेहमीचे ठिकाण आहे. तेथे एका टाकीवर मराठीत दोन ओळींची पाटी लागली, तरी मुले घरी जाऊन आईवडिलांना योग्य तो मासा मागतील. जर्मनीत ज्या पैदाशीतून संततीला वेदना किंवा इजा होणार हे अपेक्षित असते ती प्राणिसंरक्षण कायद्यानेच निषिद्ध आहे. आपल्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव अशी व्याख्या आहे. मासा तिच्यातून वगळलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी मी बलून मॉलीची पैदास थांबवली. पहिल्या हंगामात उत्पन्न घटले, कारण ठरलेल्या व्यापाऱ्याने साधे मॉली घेण्यास नकार दिला. आता कणकवली आणि सावंतवाडीकडचे काही ग्राहक थेट घरी येतात आणि कॉमेट व साधे मॉली घेऊन जातात. जुन्यांपैकी अकरा बलून मासे अजून माझ्याकडे आहेत. नर आणि माद्या मी निरनिराळ्या टाक्यांत ठेवल्या आहेत, आणि पाणी उथळ ठेवले आहे, म्हणजे त्यांना खाद्यासाठी वर येताना फार धडपड करावी लागत नाही. ते विकायचे नाहीत, असे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आपली विश्वासू,
एक मत्स्यपालक
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग