मॅक वन म्हणून विकलेली मस्टँग परत घेण्याबाबत

नौपाडा, ठाणे (पश्चिम)
दि. १४ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
तुर्भे, नवी मुंबई

विषय : खोटी माहिती देऊन विकलेली फोर्ड मस्टँग परत घेऊन पूर्ण रक्कम व अदलाबदलीत दिलेली फियाट परत मिळण्याबाबत

महोदय,

७ एप्रिल रोजी मी तुमच्या तुर्भे एमआयडीसीतल्या शोरूममधून लाल रंगाची मस्टँग घेतली. किंमत ४६ लाख ५० हजार ठरली. त्यातले ४२ लाख आरटीजीएसने दिले आणि उरलेल्या साडेचार लाखांत माझ्या वडिलांची १९६८ ची फियाट ११०० तुम्ही ठेवून घेतलीत. जाहिरातीत आणि तुमच्या तपासणी प्रमाणपत्रात लिहिलं होतं : '१९६९ मॅक वन, ३५१ इंजिन, नंबर मॅचिंग, दूतावासाकडून एसटीसीच्या विक्रीत आलेली, एकाच घरात राहिलेली.' मॅक वन म्हणजे मस्टँगचं जास्त जोरकस मॉडेल, ३५१ म्हणजे घनइंचात इंजिनाचा आकार, नंबर मॅचिंग म्हणजे इंजिन त्याच गाडीचं मूळचं, आणि एसटीसी म्हणजे दूतावासांच्या जुन्या गाड्या विकणारी सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन. तीन महिन्यांत यातलं १९६९ हे साल तेवढं खरं निघालं. लाल रंगही मूळचा नाही.

आधी फियाटबद्दल लिहितो, कारण माझा राग तिथून सुरू होतो. ती गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली ती थेट आमच्या दारात आली. तरी तुमच्या माणसाने आरसी बुक, पर्यावरण कराच्या पावत्या, वडिलांचा मृत्यू दाखला, भावाचं आणि बहिणीचं ना-हरकत पत्र, एवढं सगळं मागितलं. १९७४ साली वडिलांनी घेतलेलं पतपेढीचं कर्ज फिटल्याचा कागदसुद्धा मागितला, आणि तो माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला हे माझं नशीब. इंजिन नंबरातला तिसरा आकडा पुसट आहे म्हणून २० हजार कापलेत. मी तक्रार केली नाही. धंदा चोख करताय, असंच वाटलं. पुसट आकड्याचे २० हजार कापणाऱ्या दुकानात आपल्याला खोट्या आकड्याची गाडी मिळेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

गाडी नावावर करून देण्याची जबाबदारी तुमची होती. सहा आठवडे 'होतंय सर, फाइल टेबलावर आहे' एवढंच ऐकलं. शेवटी मीच ठाण्याच्या आरटीओत गेलो. बाहेरच्या एजंटने पहिलीच गोष्ट मागितली ती चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. संध्याकाळी गाडी वर्कशॉपमध्ये घेतली, बॉनेट उघडलं, डाव्या चाकावरच्या आतल्या पत्र्यावर नंबर होता तिथली ग्रीस पुसली, बटरपेपर चिकटवला आणि पेन्सिल आडवी धरून घासली. मी ३१ वर्षं वागळे इस्टेटमध्ये टूलरूम चालवतो. पंच मारलेला आकडा कसा दिसतो हे मला कुणी शिकवायला नको. कागदावर ८ ओळीच्या खाली घसरलेला, शून्य कलंडलेलं, प्रत्येक ठोक्याची खोली वेगळी, आणि त्या सगळ्यामागे ग्राइंडर फिरवल्याच्या बारीक आडव्या रेघा. कारखान्यात असं होत नाही. हे कुणीतरी हातोडी घेऊन, घाईत केलेलं काम आहे.

मग नंबर वाचायला बसलो. त्या काळी १७ अक्षरी नंबर नव्हते, फोर्डचा ११ अक्षरी असे, आणि तो वाचायला फार अक्कल लागत नाही. आरसीवर आणि त्या पत्र्यावर सुरुवात आहे '८टी०१सी'. ८ म्हणजे १९६८, टी म्हणजे न्यू जर्सीतला मेटुचेनचा कारखाना, ०१ म्हणजे साधी हार्डटॉप बॉडी, सी म्हणजे २८९ घनइंचाचं इंजिन. आणि माझ्यासमोर उभी होती फास्टबॅक, म्हणजे छत मागे थेट उतरत गेलेली गाडी, पुढे चार हेडलाइट. त्या जुन्या मस्टँगांत चार हेडलाइट फक्त १९६९ च्या मॉडेलला होते. कागद एका गाडीचे, गाडी दुसरीच! शोरूममध्ये मीही त्या चार दिव्यांवर भुललो आणि आरसी नुसती चाळली, ही माझी चूक मान्य. पण मी गिऱ्हाईक होतो, तपासणीचे १८ हजार घेणारे तुम्ही होता.

माझ्या मेकॅनिकने मग उजव्या बाजूचं फेंडर उतरवलं. फोर्डवाले काही गाड्यांना तिकडेही नंबर ठोकत आणि तो फेंडरच्या कडेखाली झाकला जाई. ज्याने डावीकडे ग्राइंडर फिरवला त्याला हे ठाऊक नसावं. तिथे मूळ नंबर शाबूत आहे, सुरुवात '९एफ०२एफ'. म्हणजे १९६९, डिअरबॉर्नचा कारखाना, फास्टबॅक; आणि शेवटचा एफ म्हणजे ३०२ इंजिन. १९६९ च्या मॅक वनला ३०२ इंजिन मिळतच नव्हतं, ३५१ पासून सुरुवात होती. तेव्हा ही मॅक वन कधीच नव्हती. काळं मॅट बॉनेट आणि बाजूच्या पट्ट्या नंतर चढवलेल्या. वाशीच्या मार्केटात पेटीवर देवगड लिहून आत कर्नाटकचा आंबा भरतात, त्यातला प्रकार. त्या नंबरावर मी अमेरिकेतून मार्टी रिपोर्टही मागवला. १९६७ पासूनच्या फोर्डच्या उत्पादन नोंदींवरून तो देतात. त्यात साधी फास्टबॅक, ३०२, ऑटोमॅटिक आणि हिरवा रंग आहे.

इंजिनाची गोष्ट तर आणखी पुढची. स्टार्टरजवळ ब्लॉकवर ओतीव अक्षरं आहेत, ती डी८ ने सुरू होतात. फोर्डच्या पद्धतीत सी म्हणजे साठचं दशक, डी म्हणजे सत्तरचं. म्हणजे हा ब्लॉक १९७८ च्या रचनेचा. नऊ वर्षांनी जन्मलेलं इंजिन 'नंबर मॅचिंग' कसं, हे प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याने मला समजावून सांगावं. शिवाय ते ३५१ सुद्धा नाही. ३५१ चा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-३-७-२ असा सुरू होतो. या गाडीत प्लगच्या वायरी १-५-४-२ ने लावल्या आहेत आणि इंजिन लोण्यासारखं चालतं, म्हणजे ३०२ च. चालतं छान, याबद्दल वाद नाही.

आता मला झोप लागत नाही ती कागदांमुळे. एसटीसीचं विक्रीपत्र मागितलं तर तुमच्याकडे नाही. कस्टम भरल्याचं बिल ऑफ एंट्री नाही. परदेशातून सेकंडहँड गाडी आणायची तर ती ३ वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं, असा गेली कित्येक वर्षं नियम होता. हिचं स्टिअरिंग डावीकडे आहे. मग ही देशात आली कशी? २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, तो घ्यावा असा माझा बेत होता. त्यासाठी बिल ऑफ एंट्री किंवा जुनी आरसी लागते. एक नाही आणि दुसरी परक्या गाडीची. उद्या कुणी अधिकारी दारात आला तर ताबा माझा, आणि उत्तरही मलाच द्यावं लागणार. घरी सौ. म्हणाली, "मुलीचं स्थळ बघताना चार घरी विचारलंत, इथे एकालाही नाही?" यावर मला बोलता आलं नाही.

तुमच्याकडून २ जूनला व्हॉट्सअॅपवर उत्तर आलं : 'सर, ही पॅशन कार आहे, जशी आहे तशी विकली जाते.' पत्र्याला गंज असता तर हे मी ऐकून घेतलं असतं. इथे चेसिस नंबर खोदून बदललेला आहे. प्रमाणपत्रात दीडशे मुद्दे आहेत. त्यात सीटच्या शिलाईचा मुद्दा आहे, चेसिस नंबरचाही आहे, आणि त्याच्यापुढे हिरवी खूण आहे.

मागणी अशी : हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत ४२ लाख रुपये, तपासणीचे १८ हजार आणि माझी फियाट परत करावी, आणि ही मस्टँग तुम्ही कुणाकडून घेतली ते लेखी कळवावं. फियाट विकली असेल तर ती परत मिळवण्याची जबाबदारी तुमची. साडेचार लाख मला नकोत. तोवर मस्टँग वर्कशॉपमध्ये झाकून ठेवली आहे आणि मी ती चालवत नाही. मुदतीत काही झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ५० लाखांपर्यंतचा व्यवहार तिथेच चालतो. बदललेल्या चेसिस नंबराबद्दल पोलिसांत आणि आरटीओत वेगळा अर्ज देणार आहे, त्याला मात्र १५ दिवस थांबणार नाही.

सोबत पेन्सिल प्रिंट, दोन्ही नंबरांचे फोटो, मार्टी रिपोर्ट, तुमचं प्रमाणपत्र आणि पावत्यांच्या प्रती जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडेच राहतील.

आपला,
(सही)

ता. क. फियाट अजून तुमच्या गोडाऊनमध्ये असेल तर पावसाळ्यात बॅटरीची वायर काढून ठेवा. आणि सकाळी सुरू करताना चोक अर्धाच ओढायचा, पूर्ण ओढला की ती रुसते.