टाकळा राहू द्या, गाजरगवत उपटा

माननीय संपादक,

पाऊस स्थिरावला की रस्त्याकडेची, सोसायट्यांच्या आवारातली आणि मोकळ्या भूखंडांवरची सगळी हिरवळ ‘तण’ या एकाच नावाखाली कापली जाते, नाहीतर तिच्यावर तणनाशक मारले जाते. आमची कळकळीची विनंती आहे, आधी तण ओळखा आणि मगच विळा लावा.

मुळासकट काढायला हवे ते गाजरगवत. १९५५च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. एकेका झाडाला हजारो बिया येतात. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते, परागकणांनी दमा बळावतो. ते काढायचे फुलण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून. यंत्राने वरवर छाटले तर बुडख्यातून पुन्हा फुटते आणि ठेंगणे राहूनही फुलते. फुलोरा पिकल्यावर छाटले तर यंत्रच बी चौफेर उडवते. बहुतेक ठिकाणी नेमके हेच घडते.

उपटलेली जागा उघडी ठेवली की जमिनीत उरलेले बी पुन्हा रुजते. तिथे टाकळा ही पावसाळी रानभाजी हवी. दाट टाकळ्याखाली गाजरगवताची रोपे दबून जातात. टाकळ्याचे बी टणक असते, पाणी लवकर शिरत नाही. म्हणून ते जाड वाळूत चोळून पहिल्या पावसात टाकावे. दहा बाय दहा फुटांना एक मूठ पुरते. पावसाळा सरता सरता त्याला पिवळी फुले येतात, आणि त्याआधीच पानांवर छोट्या पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढू लागतात. भाजीसाठी मात्र फुलण्यापूर्वीचे कोवळे शेंडेच खुडावेत. जून पान कडवट लागते आणि पोट ढाळते. भरपूर लसूण, भिजवलेली हरभरा डाळ आणि शेवटी ओले खोबरे, एवढ्यावर भाजी उत्तम होते. शिजून ती फार आळते, तेव्हा मीठ बेताने घालावे.

घोळ ही रानभाजी खुडताना देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, जमिनीलगत पसरणारी दुधी (भोपळा नव्हे, तण) आहे. ती खाऊ नये. घोळीत ऑक्झॅलेट बरेच असल्याने मूतखड्याच्या रुग्णांनी तीही टाळावी. केन्याची निळी फुले फार देखणी असतात, पण त्याच्या प्रत्येक पेरातून मुळे फुटतात. शेतात खुरपून तिथेच ओल्या मातीवर टाकला की तो पुन्हा लागतो. बाहेर काढून जनावरांना घालावा. आघाडा आणि तेरड्याबद्दल वेगळे काय सांगावे? पत्रीला आघाडा लागतो, अनेक घरांत गौरी तेरड्याच्या बसतात. दोन्ही पूर्वी दारातच मिळत.

महापालिकांनी वळणांवर आणि पदपथालगत मीटरभर पट्टा जरूर कापावा. बाकीचे गवत कुर्डूची गुलाबी-पांढरी कणसे आणि टाकळ्याच्या शेंगा वाळेपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबर अखेरपर्यंत राहू द्यावे. नंतर कापून ते तिथेच पसरावे, जाळू नये. आणि जिथे तणनाशक मारले असेल तिथे ठळक फलक लावावा, कारण रानभाजी खुडणाऱ्या बायका त्याच कडेने फिरत असतात.

— वनस्पतींचे अभ्यासक वाचक, पुणे